बावीस अक्षरे, बावीस पत्ते

टॅरोचे पत्ते आज मुंबई, बंगळुरू, दिल्ली येथे सहज विकत मिळतात, आणि ख्रिस्ती कुटुंबांतील सुशिक्षित मुलामुलींच्या हातांतही ते दिसू लागले आहेत. त्यांतील काही जण आणखी पुढे जातात. चित्रांचा अर्थ खोलवर कळावा म्हणून ते ‘कब्बाला’ या यहुदी गूढविद्येची प्राथमिक पुस्तके वाचू लागतात. वाचकहो, आपल्या घरातील अशा तरुणाला आपण काय सांगावे?

अनुवादाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणे निषिद्ध ठरविले आहे, एवढे सांगून मोकळे होता येईल. ते खरेच आहे. परंतु तो म्हणेल, “मी भविष्य पाहत नाही, अभ्यास करतो.” तेव्हा त्याचा शब्द प्रमाण मानून अभ्यासाचाच विचार करू. एका समाजाने ज्या वाटेने देवाचा शोध घेतला, ती वाट आपण आपल्या पत्त्यांना वजन यावे म्हणून वापरावी काय?

कब्बालाचा मुख्य ग्रंथ झोहार तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तील प्रांतात प्रकट झाला. पत्ते युरोपात आले ते त्यानंतर, चौदाव्या शतकात. आणि टॅरोचा जोड पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाला, तोही डाव खेळण्यासाठी. हुकमाची २१ चित्रे आणि एक ‘मूर्ख’, मिळून २२. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट (ते श्रद्धावंत कॅथलिक होते) यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा खेळाचा इतिहास साधार मांडला आहे.

मग या दोहोंची गाठ कोणी घातली? १७८१ साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ यांनी टॅरो हे प्राचीन मिसरी ज्ञान असल्याचे जाहीर केले, आणि त्यांच्याच ग्रंथाच्या त्या खंडात २२ चित्रांचा हिब्रूच्या २२ अक्षरांशी संबंध जोडला गेला. मिसरी चित्रलिपी तोवर कोणालाही वाचता येत नव्हती! पुढे १८५४ ते १८५६ या काळात एलिफास लेवी यांनी ही जोडणी पद्धतशीर केली. पहिले गृहस्थ प्रॉटेस्टंट पाळक, दुसरे कॅथलिक डीकन. ही गाठ यहुद्यांनी घातलेली नाही. लेवींच्या मते आलेफ हे अक्षर ‘जादूगारा’चे, १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या मंडळाच्या मते ते ‘मूर्खा’चे. ज्या अक्षराचा अर्थ असा सोयीने हलविता येतो, त्यातून पत्त्यांचा खोल अर्थ कसा उकलणार?

हिब्रू अक्षराशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. स्तोत्र ११९ पाहा. त्याची १७६ वचने, आठ-आठांची २२ कडवी. प्रत्येक कडव्यातील आठही ओळी एकाच अक्षराने सुरू होतात. मराठीत आशय येतो, ती अक्षरमाला येत नाही. भाषांतरकाराला ते सोसावेच लागते. कब्बालाच्या साधकाला नेमके हे सोसवत नाही. देवाने बोलून सृष्टी निर्माण केली, तर अक्षर हे निर्मितीचे द्रव्यच झाले, असे तो मानतो. त्याच्यापाशी अक्षर हे चित्राची खूण नसते. म्हणूनच तोरा आणि तालमूद यांत मुरलेल्या प्रौढ माणसानेच या विद्येला हात घालावा, असा परंपरेचा दंडक होता. सोळाव्या शतकात गालीलातील त्सफात या गावी इसहाक लुरिया यांच्याभोवती जमलेले शिष्य प्रार्थना करणारे, आज्ञा पाळणारे लोक होते. त्यांची परिभाषा उचलावी आणि त्यांची प्रार्थना मागे ठेवावी, हे मला अभ्यासापेक्षा उचलेगिरीच्या जवळचे वाटते.

अर्थात आपले पूर्वजही यात मागे नव्हते. पीको देल्ला मिरांदोला यांनी १४८६ साली ख्रिस्ताचे देवत्व सिद्ध करण्यासाठी कब्बाला राबविली. योहान रॉयख्लिन यांचे हिब्रू व्याकरण (१५०६) आम्हा भाषांतरकारांवर मोठे ऋण आहे. यहुद्यांचे ग्रंथ जाळू नयेत म्हणून ते धैर्याने झगडले. तरीही त्यांनाही त्या ग्रंथांत मुख्यतः आपलाच पुरावा हवा होता.

आणि आजचे आपण? वर्षअखेरच्या रात्री मंदिरात वचनांच्या चिठ्ठ्या काढल्या जातात. मुलीचे लग्न, बदली, शस्त्रक्रिया असे काही पुढे आले की पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडायचे आणि बोट ठेवायचे. मत्थियाच्या निवडीसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या हे मला ठाऊक आहे. पण तेथे आधी प्रार्थना होती आणि पात्रतेची पारख होती. संदर्भावाचून उचललेले वचन आणि उलटलेला पत्ता यांत फरक काय, असे त्या तरुणाने विचारले, तर उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

त्याला मी कब्बालेचे नाव घेऊ नकोस असे म्हणणार नाही. पत्ते कपाटात ठेव आणि आलेफ-बेथ गिरवायला बस, असे म्हणेन. वर्षभर हिब्रू शीक, मग स्तोत्र ११९ मूळातून वाच. अलिबाग, पेण, ठाणे येथे आपल्याच मराठीत बोलणारे बेने इस्राएल आहेत. त्यांच्या सभास्थानात जाऊन तोरा कसा वाचतात ते ऐक. त्यानंतरही पत्ते काढावेसे वाटले, तर पुन्हा बोलू.