सातबारा आणि शेजार

न्यू जर्सीतल्या एका मित्राने तिथल्या दफनभूमीचं जाहिरातपत्रक पाठवलं. आजच्या भावात जागा राखून ठेवा, पुढे भाव वाढतील, हप्त्यांची सोय आहे, वगैरे. इथवर ठीक, प्लॉटच्या जाहिराती आपण रोज वाचतो. पण तळाशी बायबलातल्या उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायाचा दाखला होता: अब्राहामानेही हेच केलं!

अब्राहामाने हे केलेलं नाही. बायकोचं, साराचं, कलेवर घरात असताना तो हेथी लोकांसमोर उभा राहिला, मी इथे उपरा आहे म्हणाला, आणि जागेचा मालक एफ्रोन फुकट द्यायला निघाला तरी 400 शेकेल रुपे मोजूनच मकपेलाची गुहा घेतली. यात दूरदृष्टी कुठली? दारात आलेल्या मरणाची ती निकड होती.

मध्ययुगाचं फार सांगत नाही, फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएसने ते लिहून ठेवलं आहे. माणसं मृत्युपत्रात जागा नेमून ठेवत, पण मागत असत ती संताच्या अवशेषांचा, वेदीचा शेजार. पुढे हाडं उपसून अस्थिगृहात गेली तरी त्यांचं बिघडत नसे. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आपण ज्या कोरीव शिळांवरून चालतो, त्या याच ओढीच्या. ती एकट्या ख्रिस्त्यांची नव्हे. औरंगजेब 1707 मध्ये नगरला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला खुलताबादेत सूफी संत झैनुद्दीन शिराजींजवळ पुरलं.

मग सगळे चुकीचं वाचतात ते वळण येतं. पॅरिसची सेंट्स-इनोसंट्स दफनभूमी दुर्गंधीपायी 1780 मध्ये बंद झाली आणि 1804 मध्ये नेपोलियनच्या फर्मानाने कबरी गावाबाहेर गेल्या. तेव्हापासून माणसाला मालकीची, कायमची कबर मिळाली, असं सांगतात. फर्मान उघडून पाहावं. प्रत्येकाला वेगळा खड्डा मिळाला, हे खरं; पण तो पाच वर्षांनी पुन्हा खणायला मोकळा. राखीव जागा हा अपवाद, तोही आवार पुरेसं असेल तरच. आणि ज्याला ती हवी, त्याने नगरपालिकेला पैसे द्यायचेच, शिवाय गरिबांसाठी, रुग्णालयांसाठी दान करायचं. 1843 मध्ये दरपत्रक आलं, तेव्हाही रकमेचा एक तृतीयांश वाटा त्यांचाच राहिला. म्हणजे जो मेल्यावर जास्त जागा अडवणार, त्याने जित्यांची भरपाई करायची. जमिनीची मालकी तर त्याला मिळालीच नाही, मिळाला तो वापराचा हक्क. कुणी फिरकत नाही अशा ‘कायमच्या’ कबरी परत घेण्याची वाट 1924 च्या कायद्याने करून दिली.

शिवाय पॅरिसबाहेरच्या पेर लाशेझ या नव्या दफनभूमीत सुरुवातीला कुणी जायला तयार नव्हतं. फार लांब पडे. म्हणून 1817 मध्ये मोलिएर, ला फोंतेन, आबेलार आणि एलोईज यांचे म्हणून सांगितले जाणारे अवशेष तिथे हलवले. मग गिऱ्हाइकं आली. संत गेले, नाटककार आले. माणूस अजून शेजारच विकत घेत होता.

त्याचा सातबारा केला तो अमेरिकेने. 1912 मध्ये ह्यूबर्ट ईटन लॉस एंजेलिसजवळच्या फॉरेस्ट लॉनमध्ये विक्री पाहू लागला आणि धडधाकट माणसांना कबरी विकल्या जाऊ लागल्या. इव्हलिन वॉ आणि जेसिका मिटफर्ड या लेखकांनी या धंद्याची यथेच्छ टर उडवली. मला टर उडवायची नाही. मित्राच्या बायकोला आईच्या कबरीलगतचीच जागा हवी आहे, आणि त्या मागणीत मला काही वावगं दिसत नाही. पत्रकात मात्र ‘लगत’ हा शब्द कुठेच नाही. ‘गुंतवणूक’ चार वेळा आहे.

मित्राला उलट लिहिलं, की पत्रकवाल्यांना बायबलच हवं असेल तर अरिमथाईकर योसेफ घ्या म्हणावं. त्याने खरोखरच स्वतःसाठी खडकात नवी कबर खोदून ठेवली होती. एका शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ लागायच्या आत, ती त्याने दुसऱ्याला देऊन टाकली. पुढे योसेफला कुठे ठेवलं, ते बायबल सांगत नाही.