क्षणापुरतें सत्य

यंत्रास नीति-अनीति नसते, ती यंत्र चालविणाराच्या ठिकाणीं असते, असें म्हणण्याचा प्रघात आहे, आणि स्थूल मानानें तो खोटा नाहीं. परंतु कांहीं यंत्रांच्या एखाद्या लहानशा भागापाशीं मनुष्याची नीति येऊन थांबल्यावांचून राहत नाहीं. जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या मोटारींत असे दोन स्क्रू आहेत. पैकीं एक रिकाम्या इंजिनाचा वेग ठरवितो, दुसरा पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाचें प्रमाण. या दोन क्षुल्लक वस्तूंच्या निमित्तानें सत्यासंबंधींचा एक प्रश्न उपस्थित होतो. तो आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

मोटारीच्या अंतरंगाशीं परिचय नसलेल्या वाचकांसाठीं प्रथम थोडें सांगणें अवश्य आहे. गाडी उभी आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाहीं, तरी इंजिन चालू आहे, या अवस्थेस इंग्रजींत आयडलिंग म्हणतात. आमच्याकडील मिस्त्री ‘आयडल’चा उच्चार सर्रास ‘आयडियल’ असा करतात. रिकामपणास आदर्शाच्या पदवीस चढविणारी ही चूक आम्हांस सुधारावीशी वाटत नाहीं. कारण इंजिनाचा खरा स्वभाव याच अवस्थेंत उघडा पडतो. धांवत्या गाडींत हवेचा व इंधनाचा ओघ मोठा असतो. त्यांत बारीकसारीक दोष वाहून जातात. उभ्या गाडींत मात्र थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली, हवेला केसभर वाट, आणि झडपेच्या कडेशीं असलेल्या बारीकशा छिद्रांतून येणाऱ्या पेट्रोलावर सारा निर्वाह. गॅस्केटमधून किंचित् हवा आंत शिरली, थ्रॉटलचा दांडा झिजला, एखादा प्लग काळा पडला किंवा व्हाल्व्ह नीट बसेनासा झाला, कीं इंजिन थरथरूं लागतें आणि सिग्नलपाशीं बंद पडतें.

तें सुधारण्याची रीत ठरलेली आहे. प्लग, पॉइंट आणि टायमिंग आधीं तपासावें. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानें टेकेपर्यंत आंत घालून सुमारें दीड फेरा बाहेर घ्यावा. जोरानें आवळल्यास त्याच्या टोकास खांच पडते आणि तो निकामी होतो. मग इंजिन सुरू करून पुरतें तापूं द्यावें, चोक पूर्ण उघडा आहे हें पाहावें, आणि इंजिन सर्वांत वेगानें व निर्वेधपणें चालेल अशा ठिकाणीं मिश्रणाचा स्क्रू आणावा. तेथें तें वेगानें फिरूं लागलें कीं दुसऱ्या स्क्रूनें वेग उतरवावा. वेग उतरला कीं मिश्रण पुन्हां पाहावें. असें दोनतीन वेळां आलटून पालटून केल्यावर मिनिटास सातआठशें फेऱ्यांवर इंजिन शांतपणें टिकून राहतें. येथें घाई उपयोगी पडत नाहीं, कान लागतो.

परंतु याहून सोपी एक वाट आहे. थरथरीचें कारण शोधूंच नये. वेगाचा स्क्रू आणखी फेराभर आंत घालावा. फेरे हजारबाराशेंवर गेले कीं थरथर नाहींशी होते आणि मालक खूष होऊन जातो. गॅस्केट फुटकेंच राहतें, पेट्रोल अधिक जळतें, आणि कांहीं गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही इंजिन क्षणभर धडधडत राहतें. या व्यवहारांत मिस्त्री एक अक्षरही खोटें बोललेला नसतो. गाडी बंद पडते ही तक्रार होती. आतां ती बंद पडत नाहीं. दोष एकट्या मिस्त्रीचा म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. दोष काढण्याचा खर्च ऐकून तोंड वाकडें करणारा आणि दोष झाकण्याचे पैसे आनंदानें देणारा मालकही त्या लबाडींत भागीदार असतो. तथापि ही लबाडी बहुतांशीं दोघांपुरती आहे. दुसऱ्या स्क्रूची गोष्ट निराळी.

मिश्रणांत पेट्रोल अधिक झालें कीं तें पुरतें जळत नाहीं व कार्बन मोनॉक्साइड वायु अधिक निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट जडतो, आणि दार लावलेल्या गॅरेजमध्यें इंजिन चालू राहिल्यानें माणसें प्राणास मुकलीं आहेत. म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं पेट्रोलवर चालणाऱ्या चारचाकी गाडीच्या धुरांत, इंजिन याच रिकाम्या चालींत असतां, या वायूचें प्रमाण शेंकडा ३ हून अधिक नसावें अशी मर्यादा घातली. झिजलेलें इंजिन तर अधिक पेट्रोलावांचून नीट टिकत नाहीं. मग काय होतें हें जुन्या गाड्यांच्या जगांत वावरणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. तपासणीपूर्वीं स्क्रू अर्धा फेरा आंत, सायलेन्सरच्या तोंडांत नळी, आंकडा मर्यादेंत, प्रमाणपत्र हातांत, आणि कोपऱ्यावर वळतांच स्क्रू पुन्हां अर्धा फेरा बाहेर.

यंत्र खरें, आंकडा खरा, त्यावर सही करणारा प्रामाणिक. मग असत्य आहे तरी कोठें?

महाभारतांतील द्रोणवधाचा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. धर्मराजानें अश्वत्थामा मेला असें सांगितलें आणि हत्तीचा उल्लेख हळू आवाजांत केला, एवढ्यावरच बहुतेक टीकाकार बोट ठेवतात. आम्हांस त्याहून अधिक विचार करण्यासारखें वाटतें तें हें कीं, तो हत्ती आपल्या मरणानें मेला नव्हता. तो पांडवांच्याच बाजूच्या मालवराजाचा होता, आणि वाक्य खरें व्हावें एवढ्याचसाठीं भीमानें त्यास ठार केलें. म्हणजे येथें वाक्य सत्यास अनुसरलें नाहीं. वाक्यास हवें तेवढें सत्य घडवून आणलें. अर्ध्या फेऱ्याची करामत याच जातीची आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, मग परीक्षेची कोणतीही तयारी लबाडीच ठरेल; पाहुणे येणार म्हणून घर झाडणारी गृहिणीही दोषी. तसें नाहीं. तपासणीच्या भीतीनें कां होईना, ज्यानें प्लग बदलले, हवेचा फिल्टर साफ केला, मिश्रण नीट लावलें आणि तें तसेंच राहूं दिलें, त्यानें कोणास फसविलें नाहीं. चार दिवसांनीं तें आपोआप बिघडलें तरीही नाहीं. असत्य त्या आंकड्यांत नाहीं. स्क्रू परत फिरविण्याचा बेत आधींच ठरलेला असतो, त्यांत तें आहे. प्रमाणपत्र त्या एका मिनिटाचें नसतें. तें महिनोन्‌महिने चालतें, आणि तेवढा काळ गाडीचा धूर असाच राहील असा विश्वास त्या कागदावर टाकिलेला असतो. तो विश्वास खोटा ठरणार हें मालकास सही होत असतांनाच ठाऊक असतें. मागून चालणारा, तो धूर हुंगणारा मात्र त्या व्यवहारांत कोठेंच विचारला गेलेला नसतो.

याच कृत्याची मोठी आवृत्ति जगानें २०१५ सालीं पाहिली. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें उघड केलें कीं, फोक्सवॅगन कंपनीच्या कांहीं डिझेल गाड्यांतील संगणक, आपली तपासणी चालू आहे हें ओळखून तेवढ्यापुरता धूर शुद्ध करीत असे. रस्त्यावर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचें प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत भरलें. अशी यंत्रणा बसविलेल्या गाड्या जगभर सुमारें एक कोटी दहा लाख होत्या. आमच्या मिस्त्रीस निदान प्रत्येक वेळीं बॉनेट उघडून स्वतःच्या हातानें स्क्रू फिरवावा लागतो, आणि तेवढ्या वेळांत त्याच्या मनांत कांहीं आलें तर येऊं शकतें. तेथें परत फिरणें कारखान्यांतच घडवून दिलेलें होतें.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेंतून २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची गेली. ती जात आतां हौशी मालकांच्या दारांत उरली आहे. हौशी मालकास आमचें सांगणें सोपें आहे: छंद परवडतो त्यानें गॅस्केट आणि दांडाही परवडवावा. परंतु जुना टेंपो किंवा रिक्षा चालवून घर चालविणाराची अडचण आम्ही हंसण्यावारीं नेणार नाहीं. इंजिन उतरवून दुरुस्त करावयाचें म्हणजे हातची कमाई गेली, आणि वर तेवढे दिवस चूल कशी पेटावी हा प्रश्न. तो जेव्हां स्क्रू फिरवितो तेव्हां लोभानें फिरवितो असें नाहीं. नियमानें त्याच्यापुढें दोनच वाटा ठेविल्या आहेत, पास किंवा नापास, आणि तिसरी वाट त्यानें स्क्रू-ड्रायव्हरनें काढली आहे. आमच्या मतें तिसरी वाट नियमानेंच द्यावी: दोष आढळला, दुरुस्तीस अमुक दिवसांची मुदत, असें त्या कागदावर उघड लिहून द्यावें. मात्र मशीननें शेंकडा ५ दाखविलें असेल तर त्यावर ५ च लिहावें.