मुरण्याचा अवधी

घरी केलेली कडक बीअर किती दिवस मुरू द्यावी, हा प्रश्न वरकरणी तळघरातला वाटतो. परंतु आपल्या श्रमाचे फळ केव्हा आणि कोणाबरोबर चाखावे, हा जुना नैतिक प्रश्न त्यात दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडमध्ये घरोघरी बीअर करण्याचा प्रघात फार जुना. १८८० मध्ये त्यासाठी परवाना आवश्यक झाला. १९६३ मध्ये ती अट उठली आणि अनेक स्वयंपाकघरांत पुन्हा हॉप्स उकळू लागले. तेथील कडक बीअरचा एक प्रकार म्हणजे बार्लीवाइन. नाव वाइनचे असले तरी ती सातूचीच. तिच्यात मद्यार्क साधारणतः ८ ते १२ टक्के असतो. घरच्या एका खेपेत सुमारे २३ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चाळीसेक बाटल्या होतात.

दोन-तीन आठवड्यांत बाटलीत फेस धरतो. पण तेव्हा मद्यार्क घशाला झोंबतो. सहा महिने ते वर्षभरात तो चटका निवतो, हॉप्सचा कडवटपणा ओसरतो आणि माल्टची गोडी वर येते. पुढे बाटलीत राहिलेल्या किंचित प्राणवायूमुळे मनुकांची व शेरीची आठवण देणारा स्वाद येतो. हेच फार झाले तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. थंड, अंधाऱ्या जागी हे सारे सावकाश घडते, इतकेच. आणि जी बीअर करतानाच नासली, तिला दहा वर्षेही सुधारत नाहीत. काळ असलेला गुण उलगडतो; नसलेला आणून देत नाही.

तेव्हा उतावळेपणा हा दोष खरा. परंतु ‘अजून थोडे थांबू’ असे म्हणत राहणे, हाही दोषच नव्हे काय? कृपणता पुष्कळदा संयमाचा वेष घेऊन येते. आपण बाटल्या राखतो, मोजतो, आणि योग्य दिवस कोणता हे मात्र कधीच ठरवीत नाही.

इंग्लंडमधील काही मोठ्या घराण्यांत वारसाच्या जन्मी कडक एल करून ठेवीत आणि त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी पीप फोडीत. एकवीस वर्षांचा हा अवधी दीर्घ खरा. तथापि त्याला आरंभापासून एक दिवस नेमलेला होता आणि एक माणूसही. ते पेय करणाऱ्यांपैकी कित्येकांना तो दिवस दिसणार नाही, हे उघड होते. तरीही त्यांनी ते केले. प्रतीक्षा आणि साठेबाजी यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

मग किती थांबावे? सहा महिन्यांनी एक बाटली उघडावी, वर्षाने दुसरी. प्रत्येक परीक्षेला एक बाटली खर्ची पडते. परीक्षेचे मोल तेवढे आहेच. चव जुळली की बहुतेक बाटल्या आप्तेष्टांत वाटून संपवाव्यात, चार-दोन पुढच्या वर्षांसाठी ठेवाव्यात. बाटली थांबू शकते. जिच्यासोबत ती उघडायची, ती वृद्ध आई किंवा तो आजारी मित्र थांबू शकेलच असे नाही. किंचित कोवळी बीअर अशा वेळी चालते; पाहुणा निघून गेल्यावर उघडलेली परिपक्व बीअर कोणाला पाजणार?