बुधाची उजेडातली बाजू

ग्रहाची सूर्याकडची बाजू म्हणजे ग्रहावरचा ठरलेला प्रदेश नव्हे. ग्रह स्वतःभोवती फिरतो तसतसा नवा भूभाग उजेडात येतो, जुना काळोखात जातो. बुधाबद्दल मात्र खगोलशास्त्रज्ञ सुमारे पाऊणशे वर्षे वेगळेच मानत होते. बुधाला स्वतःभोवती फिरायलाही सूर्यप्रदक्षिणेइतकेच, म्हणजे 88 दिवस लागतात, असे इटलीच्या जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी 1889 साली जाहीर केले. मग एक बाजू कायम तापलेली आणि दुसरी कायम अंधारी ठरते. यात निरीक्षकाचा निष्काळजीपणा नव्हता. बुध नीट दिसण्याच्या संधी थोड्या, आणि त्या वेळी बहुतेकदा जवळपास तोच भाग पृथ्वीसमोर येत असे.

1962 साली रेडिओ निरीक्षणांत अंधारी बाजू अपेक्षेपेक्षा उबदार आढळली. 1965 साली पोर्तो रिकोतील आरेसिबो येथून गॉर्डन पेटेनगिल आणि रॉल्फ डाइस यांनी रडारने मोजमाप केले, आणि परिवलनाला सुमारे 59 दिवसच लागतात हे उघड झाले. सूर्याभोवती दोन फेऱ्या होतात तेवढ्यात बुध स्वतःभोवती तीनदा फिरतो. त्यामुळे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीचे 176 दिवस जातात. नुसता उजेडाचा काळच बुधाच्या एका वर्षाएवढा असतो. दुपारी जमीन 430 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. उष्णता धरून ठेवणारे वातावरण नसल्याने रात्री ती उणे 180 पर्यंत उतरते.

तरी जुनी कल्पना सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. बुध सूर्यापासून कधी 4.6 कोटी, तर कधी सुमारे 7 कोटी किलोमीटरवर असतो. जवळ असताना मिळणारी उष्णता दुपटीहून अधिक. तीनास दोन या प्रमाणामुळे, बुध सर्वांत जवळ येतो तेव्हा समोरासमोरच्या त्याच दोन रेखावृत्तांवर आळीपाळीने मध्यान्ह असते. शिवाय त्या सुमारास सूर्य आकाशात थबकून काही दिवस मागे सरकतो. म्हणजे कायमची उजेडी बाजू नाही, पण उन्हाचा जास्त मारा सोसणाऱ्या दोन ठरलेल्या जागा आहेत. कॅलोरिस हे विशाल खोरे त्यांतल्या एकीजवळ आहे.

उजेडाने ग्रहाचा नकाशाही मर्यादित केला. मरिनर 10 हे यान 1974-75 मध्ये तीनदा बुधाजवळून गेले. दोन भेटींतले अंतर 176 दिवसांचे, म्हणून प्रत्येक वेळी तोच अर्धा भाग उजळलेला होता. उरलेला बराचसा भाग 2008 पासून मेसेंजर यानाने टिपला. बुधाचा आस जवळजवळ सरळ उभा असल्याने ध्रुवांवरच्या काही खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही. सूर्याच्या सर्वांत जवळच्या या ग्रहावर तिथे पाण्याचे बर्फ साठलेले आहे.