बाकड्यावरची माणसे

आजारी माणसाला धीर देण्याचा अधिकार कुणाला असतो? प्रश्न विचित्र वाटेल. इयादतीला जाणे, आजाऱ्याजवळ दोन घटका बसणे ही आपल्याकडे सवाबाची गोष्ट मानली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु आम्ही स्वतः अंथरूण धरले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. "सब्र करा" हे शब्द निरोगी माणसाकडून ऐकले की राग येई. तेच शब्द शेजारी बसून खोकणाऱ्याने उच्चारले की पटत असत.

ही 2017 सालची गोष्ट. आम्हाला क्षय झाला, आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. उपचार दोन वर्षांचा, त्यात पहिले काही महिने रोज एक इंजेक्शन. शाळेत आम्ही कावीळ सांगितली. शिक्षकाला टीबी झाला हे कळले तर पालक काय म्हणतील, ही धास्ती रोगापेक्षा मोठी होती. भिवंडीत आमच्या घरापासून मुद्दाम दूरच्या आरोग्य केंद्रात आम्ही नाव घातले. तेथे उघड्या व्हरांड्यात एक लांब बाकडे होते. तोंडाला रुमाल बांधून सगळे त्यावर बसत.

त्या बाकड्यावर एक लूम कामगार होता, उपचारात आमच्यापेक्षा आठ महिने पुढे. अंगठा उठवणारा माणूस, पण कोणती गोळी कधी घेतली म्हणजे कमी मळमळते, इंजेक्शनाची जागा कशी शेकावी, हे सारे त्याला तोंडपाठ. तिसऱ्या महिन्यात आमच्या मनात नको नको ते विचार येऊ लागले. रात्री गच्चीवर जावे आणि खाली पाहत राहावे. घरी सांगण्याची सोय नव्हती. त्याने मात्र न सांगताच ओळखले. म्हणाला, "मास्टर, ये खयाल तुम्हारे नहीं, गोली के हैं." आणि हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांच्याकडून कळले की उपचारातल्या सायक्लोसेरिन या औषधाने खरोखरच असे होते. डॉक्टरांनी औषधात फेरफार केला. आम्ही बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो, पण ते वाक्य त्या माणसाने शिकवले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लहानपणापासून आपल्याला शिकवतात की, आपल्याहून कमी असलेल्याकडे पाहावे, म्हणजे शुक्र अदा होतो. बाकड्यावर भाजी विकणाऱ्या एक आजी येत. हाडांचा सापळा झालेला. त्यांना पाहिले की आम्ही मनात म्हणायचो, चला, आपण एवढे तर खंगलो नाही. एक दिवस त्या येईनाशा झाल्या. केंद्रातल्या सिस्टरने त्यांचे कार्ड कपाटातून काढले आणि वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले. तेव्हा प्रश्न पडला, वाचकहो, की आम्ही ज्याला धीर म्हणत होतो, तो कुणाच्या जिवावर होता? सहरुग्णाकडून दोन प्रकारे उमेद घेता येते. एक, तो माझ्यापेक्षा वाईट आहे म्हणून. दुसरी, तो माझ्यापुढे चालतो आहे आणि मागे वळून रस्ता सांगतो आहे म्हणून. पहिली फुकटात मिळते. दुसरीचे कर्ज होते, हे आम्हाला फार उशिरा समजले.

थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आम्ही शाळेत रुजू झालो. पुढे उपचारही संपला. एके दिवशी बाजारात सहकारी शिक्षकांबरोबर उभे असताना समोरून तो लूम कामगार आला. अंगात मांस भरले होते. आम्हाला पाहून त्याचा चेहरा खुलला. आम्ही मान वळवली आणि टोमॅटोचा भाव विचारू लागलो. तो क्षणभर थांबला, निघून गेला. त्याला कारण कळले असणार. त्यालाही ती लाज ठाऊक होती.

पुढे नंदिता वेंकटेशन यांच्याविषयी वाचले. मुंबईची ही तरुणी. कॅनामायसिन नावाच्या इंजेक्शनाने 2013 साली तिची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले हिचेही कान याच औषधाने गेले होते. दोघी क्षयातून बऱ्या झाल्या. पण 2019 साली या दोघींनी बेडाक्विलिन या नव्या गोळीवरची कंपनीची मक्तेदारी वाढू नये म्हणून आपल्या पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. मार्च 2023 मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि इतर उत्पादकांना स्वस्त गोळी बनवण्याचा मार्ग खुला झाला. 2024 साली तर केवळ गोळ्यांच्या, सहा महिन्यांच्या उपचाराला आपल्या देशात मंजुरी मिळाली; त्यातही ही गोळी आहे. दोघींना स्वतःसाठी ती नको होती. बाकड्यावरून उठून गेलेली माणसे अशी परत येऊ शकतात!

आम्ही एवढे मोठे काही केले नाही. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांना टीबी झाल्याचे कळले. मुलाची तपासणी झाली होती, त्याला काही नव्हते. तरी त्याला वर्गात वेगळे बसवावे अशी चर्चा शिक्षकांच्या खोलीत निघाली. आम्ही म्हणालो, "2017 साली आम्हाला कावीळ नव्हती, टीबी होता." खोलीत शांतता पसरली. थोड्या वेळाने चहा आला. एका सरांनी आपला कप तसाच ठेवला. मुलगा मात्र आपल्या जागेवर बसतो. त्याच्या वडिलांना संध्याकाळी भेटायला आम्ही जातो, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतो.

त्या लूम कामगाराचा शोध घेतला. त्याचा कारखाना विकला गेला होता. नवा मालक म्हणाला, जुने कामगार बहुतेक मुलुखाला गेले, पत्ते कुणी ठेवत नाही.