कशाला पळायलास?

अंबड-घनसावंगीकडच्या एखाद्या गावात पहाटे पाचच्या सुमाराला डांबरी रस्त्यावर उभं राहिलं, तर अंधारातून आधी बुटांचा आवाज येतो आणि मग माणसं दिसतात. सात-आठ पोरं, त्यांच्यामागे दोन-तीन पोरी, एखाद्याच्या हातात मोबाइलची बॅटरी. वेशीतल्या मारुतीपासून थोडं पुढे रस्त्यावर चुन्याचा आडवा पट्टा मारलेला असतो. तिथून मोजून 800 मीटरवर दुसरा पट्टा. तिथं वळायचं, परत यायचं, झाले 1600. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना हेच अंतर असतं आणि ते 5 मिनिटं 10 सेकंदांत कापलं तर वीसपैकी वीस गुण. मुलींना 800 मीटर, म्हणजे त्यांची परीक्षा दुसऱ्या पट्ट्यावरच संपते. पण घरी तर यायचं असतंच, त्यामुळे त्याही 1600च पळतात.

जालना जिल्ह्यातल्या गावांचा पळायचा मार्ग म्हणाल तर बहुतेक ठिकाणी हाच. शिवार एवढं पसरलेलं असताना पोरं डांबरावर गुडघे का झिजवतात, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. त्याला काळी माती ठाऊक नसते. मृगाचा एक चांगला पाऊस पडला की रानात चार पावलं टाकेपर्यंत बुटाखाली चिखलाचा दुसरा बूट तयार होतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीला पाऊल मुरगळेल अशा भेगा. पळण्याजोगी ती असते दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि तेव्हा तिच्यात वेचणीला आलेला कापूस, तूर, नाहीतर हुरड्यात आलेली ज्वारी उभी असते. पिकातून कोण पळणार? जंगलाचं म्हणाल तर ते या जिल्ह्याच्या वाट्याला नावापुरतंच आलंय. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगांची थोडी सावली पडते, बाकी ठिकाणी गायरानातल्या बाभळी आणि लिंबं. त्यातून पळताना माणसापेक्षा रानडुकरंच जास्त भेटायची.

नदीकाठ मात्र मोठा आहे. जिल्ह्याची दक्षिणेची हद्दच गोदावरीनं आखून दिलीय. पण तिथंही हल्ली पहाट हायवांची असते. वाळू भरून निघालेला हायवा समोरून दिवे टाकत आला की पोरं खाली उतरून काट्यात उभी राहतात, धुरळा बसेपर्यंत थांबतात आणि चालू घड्याळाला शिव्या देतात.

माझ्या मते या भागातला पळायचा सर्वांत चांगला रस्ता पळण्यासाठी बांधलेलाच नाही. जायकवाडी धरणाचा डावा कालवा पैठणहून निघतो, अंबड-घनसावंगीच्या शिवारातून परभणीकडे जातो. लांबी 208 किलोमीटर. धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 साली झाली, 1976 साली इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केलं. हे सगळं पाण्यासाठी झालं, पण कालव्याच्या कडेनं देखभालीचा मुरमाचा रस्ता आला आणि त्याबरोबर एक गोष्ट आपोआप आली. कालव्याचं पाणी आपल्या उतारानं जातं, म्हणून इंजिनिअरनं जमिनीचे चढउतार टाळत, वळसे घेत तो नेलेला असतो. त्यामुळे कडेनं पळणाऱ्याच्या छातीवर कधी चढ येत नाही. रहदारी नाही, मुरूम पायाला मऊ लागतो, आणि आवर्तन सुटलेलं असलं तर पाणीही शेजारून चाललेलं असतं. रब्बीच्या पाळीसाठी रात्रभर जागलेला शेतकरी बांधावरून एकदा वर बघतो आणि विचारतो, "कोणती भरती?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो "कुठं चाललास?" असा नाही, "बरं आहे का?" असाही नाही. पळतोय म्हणजे भरतीच असणार, एवढं गृहीत आहे. पोलीस, आर्मी नाहीतर वनरक्षक. गावात माणूस विनाकारण पळत नाही. पळाला तर लोक वाट सोडून उभे राहतात आणि विचारतात, घरी काय झालं?

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी नाहीतर पळत जायचा, कारण गाडी नव्हती. बारावीनंतर सैन्यात गेला, तिथं त्याच्या पायांकडे कुणाचं तरी लक्ष गेलं, आणि पुढे 2023च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण, 2024च्या पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या, ते नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. या दोन्ही धावांचं आपण कौतुक करतो. करावंच. पण कौतुक करताना आपल्याला दिलासा कशाचा वाटतो, हेही बघावं. कारण पटलेलं असतं.

आणि जालना जिल्ह्यातली सर्वांत गाजलेली धाव तर चारशे वर्षांपूर्वीची. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा नारायण, वय बारा, बोहल्यावर उभा असताना "सावधान" ऐकून जो सुटला, तो थेट नाशिककडे गेला आणि पुढे समर्थ रामदास झाला, अशी परंपरागत कथा. त्याचं कारण मात्र मांडवातल्या कुणालाच पटलं नसणार. वऱ्हाडी मंडळींनी काही अंतर पाठलाग केला असेल, असं मला उगाच वाटतं.

भरतीचं कारण सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय ते मुलींना. गावातल्या बाईला पहाटेचा अंधार नवा नाही; पण तो घागरीसाठी, जात्यासाठी, घरात संडास नव्हता तेव्हा लोटा घेऊन बाहेर जाण्यासाठी. बूट घालून रस्त्यावर जाण्यासाठी नव्हता. पोलीस भरतीत महिलांना तीस टक्के जागा आहेत, हे वाक्य एखाद्या घरात उच्चारलं गेलं आणि त्या घरातल्या पोरीला रस्ता मिळाला. ओढणी कमरेला बांधून ती पळते, बाप मोटारसायकलवर हळूहळू मागे, हेडलाइटचा उजेड तिच्या पुढ्यात पडेल अशा बेतानं. तीच मुलगी "मला बरं वाटतं म्हणून पळायचंय" असं म्हणाली असती तर? विचारून बघायचीही गरज नाही. लग्न ठरलं की कारण संपतं आणि बूट धाकट्या बहिणीला होतात का, ते बघितलं जातं.

वाटांचंही तसंच, त्यांनाही कारण लागतं. गावनकाशा उघडून पाहा. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट. कुठल्याही गावाच्या नकाशात या रेघांचं जाळं दिसतं, म्हणजे गावाभोवती पळायला केवढे मार्ग होते बघा. प्रत्यक्षात गेलं तर रेघ कपाशीत शिरते आणि पुढे सापडत नाही. नांगर दरवर्षी एक तास पुढे सरकतो. पाणंद आधी बैलगाडीची, मग दुचाकीची, मग बांधाची होते. कायदा आहे. अडवलेली वाट मोकळी करायला 1906चा मामलेदार न्यायालय अधिनियम, बांधावरून नवी वाट मागायला जमीन महसूल अधिनियमाचं कलम 143. पण त्या अर्जातही पहिला प्रश्न गरजेचाच: तुमच्या शेतात जायला दुसरी वाट आहे का? ज्याला शेतच नाही, नुसते पाय आहेत, तो काय लिहिणार? इंग्लंडमध्ये खासगी शेतांतून जाणाऱ्या पायवाटा 1949च्या कायद्यानं अधिकृत नकाशांवर चढल्या. वाट नांगरली तर ठरल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणं शेतकऱ्यावर बंधनकारक आहे. आणि चालणाऱ्याला कशासाठी चाललास हे कुणी विचारायचं नाही. तिथल्या शेतकऱ्यांनाही ते फार आवडतं असं नाही. आपल्याकडे दोन एकरांच्या तुकड्यांवर ते बसणारही नाही. पण नकाशावर आधीपासून असलेल्या रेघा तरी राहाव्यात, एवढं मागणं फार नाही.

पोलीस शिपायासाठी वयाची अट खुल्या गटाला 28 वर्षं, मागासवर्गीयांना 33. त्या वाढदिवशी बहुतेकांची पहाट संपते. कुणी जालन्याच्या स्टील कंपनीत लागतो, कुणी मोसंबीच्या बागेचं बघतो, आणि दोन वर्षांत पोट सुटतं. पण प्रत्येक गावात एखादा तरी असतोच, वय उलटून गेलेला, तरी कालव्यावर दिसणारा. पोरांबरोबर सुरुवात करतो, ती मागे फिरली तरी हा पुढच्या पुलापर्यंत जातो. त्याच्या हातात घड्याळ नसतं. असाच एकजण पळताना पाहून बांधावरच्या म्हाताऱ्यानं हाक मारली.

"का रे, आता कशाला पळायलास? भरती तर गेली तुझी."

"काही नाही मामा. असंच."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ विचार केला. असंच, हे त्याला काही पचेना. मग गोठ्याकडे हात करून म्हणाला, "मग असं कर, ती कॅन घे. पळतच चाललास तर डेअरीवर दूध घालून ये."