'इकडे बघ' न म्हणता

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मराठी घरांत बोरन्हाणं होतात. दीड-दोन वर्षांचं मूल, अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. त्याला पाटावर बसवलं की चारी बाजूंनी फोन सरसावतात. 'इकडे बघ', 'हास बघू', 'अरे, आत्याकडे बघ ना!' एकाच वेळी सहा दिशांना बघायचं म्हटल्यावर मूल ओठ काढतं आणि भोकाड पसरतं. मग डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या ओतल्या जातात, बाकीची पोरं त्यावर तुटून पडतात, मोठी माणसं खाण्याच्या बशांकडे वळतात. उत्सवमूर्ती तेव्हा भिंतीला टेकून बसलेली असते. तिनं गळ्यातला हार दोन्ही हातांनी तोंडाशी धरलेला असतो, हलव्याचा काटा जिभेला टोचतोय की गोड लागतोय याचा तपास चाललेला असतो, हनुवटी चिकट झालेली असते. खरा फोटो इथे असतो आणि नेमके तेव्हाच सगळे फोन खिशात गेलेले असतात.

मुलाला स्तब्ध बसवून फोटो काढण्याच्या सवयीमागे एकेकाळी तांत्रिक कारण होतं. एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटवर प्रतिमा उमटायला कित्येक सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ लागे. मूल हललं की चेहरा पुसट. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या स्टुडिओंत आईच्या अंगावर कापड किंवा पडदा टाकून तिला खुर्चीसारखं बसवत आणि तिच्या मांडीवर मूल घट्ट धरलेलं असे. असे कितीतरी फोटो आज संग्रहांत आहेत. त्यांत मूल दिसतं आणि त्याच्या मागे कापडाखाली एक माणूसभर आकार दिसतो. त्याच काळात, कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीकडून आणि जावयाकडून कॅमेरा भेट मिळाला. १८६४ च्या जानेवारीत ॲनी नावाच्या एका छोट्या मुलीचा फोटो त्यांना मनासारखा साधला, त्याला त्यांनी आपलं 'पहिलं यश' म्हटलं. त्या फोटोत मुकुट नाही, पंख नाहीत. साधा कोट घातलेली, विस्कटल्या केसांची मुलगी बाजूला कुठेतरी बघते आहे. पुढे कॅमेरॉन यांनी मुलांना पंख लावून देवदूतही केलं, पण ॲनीचा चेहरा आजही जास्त जवळचा वाटतो.

त्यानंतर कॅमेरे वेगवान झाले, स्वस्तही झाले. १९०० मध्ये कोडॅकनं मुलांना डोळ्यांसमोर ठेवून ब्राउनी कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. काही सेकंद स्तब्ध बसण्याची गरज संपली, हुकूम मात्र तसाच राहिला. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण होतं. ॲग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो बसत. रोल विकत घ्यायचा, धुवायला टाकायचा, प्रिंट काढायच्या, प्रत्येक पायरीला पैसे. त्यात एक फोटो हलला तर घरभर हळहळ व्हायची. 'नीट उभा राहा' म्हणणाऱ्या त्या वडिलांना दोष देता येणार नाही. आजच्या फोनमध्ये मात्र फोटो वाया जाण्याची भीती उरलेली नाही. तरीही आपण मुलाला तोच हुकूम सोडतो, ही खटकणारी गोष्ट आहे.

हुकूम टाळला की काय घडतं, हे फ्रान्समधल्या झाक-ऑन्री लार्तीग याच्या फोटोंत दिसतं. १८९४ चा जन्म. सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला कॅमेरा दिला. पोरानं घरच्यांचेच फोटो काढले: भाऊ झिसूची खटपटी यंत्रं, पाण्यातली मस्ती, आणि १९०५ मध्ये जिन्यावरून उडी मारणारी, हवेतच राहिलेली नात्यातली बिशोनाद. त्या घरातला दंगा त्याला बाहेरून बघावा लागला नाही, तो स्वतः त्यातच होता. शिवाय त्याची उंचीच मुलाची होती. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो जवळजवळ सत्तरीला आला होता.

अनौपचारिक म्हणजे चोरून काढलेला फोटो, असं मात्र नाही. उमरावसिंग शेरगिल हे संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक. त्यांनी अमृता आणि इंदिरा या आपल्या मुलींचे बुडापेस्ट, सिमला, पॅरिस अशा ठिकाणी वर्षानुवर्षं फोटो काढले. त्यांत वेशभूषा आहे, रचलेली दृश्यंही आहेत. मुलींना कॅमेरा समोर आहे हे पक्कं ठाऊक आहे आणि त्यांना त्यात मौज वाटते आहे. आजोबांचा चष्मा नाकावर चढवून 'माझा फोटो काढ' म्हणणारं मूलही पोज देतच असतं, पण तो खेळ त्याचा स्वतःचा असतो. फोटोत फरक पडतो तो इथे.

म्हणून मुलाला हसायला सांगण्यापेक्षा काहीतरी काम द्यावं. मटार सोलायला बसवावं, कणकेचा गोळा द्यावा, कुंडीला पाणी घालू द्यावं. खिडकीजवळ बसवलं तर सकाळचा उजेड एका गालावर येतो, फ्लॅशची गरज पडत नाही. फोटो काढणाऱ्यानं जमिनीवर मांडी घालावी. उभ्यानं काढलेल्या फोटोत मुलाचा भांग तेवढा दिसतो. फोनच्या काचेवर बोटांचे डाग असतात, ते आधी पुसावेत. मग थांबावं. पहिली पाच मिनिटं मूल फोनकडेच बघतं, तो ओढूनही घेतं. नंतर मटारच्या शेंगेत अळी सापडते आणि फोन विसरला जातो. हा धीर घरच्या माणसाकडेच असू शकतो, कारण त्याला त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. निवांत मूल म्हणजे बेसावध मूल. आंघोळीतलं, रडतानाचं, रुसलेलं. असा फोटो घरात राहणं वेगळं आणि दोनशे जणांच्या ग्रुपवर जाणं वेगळं. छायाचित्रकार सॅली मान यांनी आपल्या तीन मुलांचे फोटो १९९२ मध्ये 'इमिजिएट फॅमिली' या पुस्तकात छापले, तेव्हा अमेरिकेत मोठा वाद झाला. नको असलेला फोटो वगळण्याचा अधिकार त्यांनी मुलांना दिला होता, तरीही लहान मुलाचा होकार कितपत खरा मानायचा हा प्रश्न सुटला नाही. फ्रान्सनं २०२४ मध्ये कायदाच केला: मुलाच्या प्रतिमेचा हक्क आईवडिलांनी मिळून जपायचा, आणि वय व समज बघून मुलालाही त्यात सामील करून घ्यायचं. आपल्या घरात यासाठी कायद्याची वाट बघू नये. पाच वर्षांचं मूलसुद्धा 'हा नको' असं स्पष्ट सांगतं. तो तिथेच पुसून टाकावा.

आणि उरलेल्यांतले थोडे तरी कागदावर काढून घ्यावेत. फोन बदलला की हजारो फोटो कुठे जातात ते कळत नाही. मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख लिहावी, गाव लिहावं आणि फोटो कोणी काढला तेही लिहावं. बहुतेक घरांत ते नाव आईचं असेल, आणि अल्बमभर तीच कुठे दिसणार नाही. तेव्हा अधूनमधून फोन मुलाच्या हाती द्यावा आणि आईचे फोटो त्याला काढू द्यावेत.